परिणामाचा रकाना

फुलंब्रीजवळच्या आमच्या गावाला १९६१ साली सरकारी रेडिओ मिळाला. तो चावडीत ठेवला. सोबत छापील तक्ता आला. त्याला तीन रकाने: किती जणांनी ऐकलं, किती जणांना पटलं, परिणाम काय झाला. चार आठवडे परिणाम न दिसल्यास संच परत नेला जाईल, असं तळाशी बारीक अक्षरांत होतं.

रोज संध्याकाळी खतखड्ड्यावर भाषण होई. श्रोतामंडळाचे अध्यक्ष काकासाहेब प्रामाणिक गृहस्थ. ते तक्ता भरत:

ऐकलं: ४२. पटलं: ४२. परिणाम: उठले, घरी गेले.

तिसऱ्या आठवड्यात औरंगाबादहून परिणाम-अधिकारी नानासाहेब जीपनं आले. खात्याचा सिद्धांत त्यांनी समजावला. शब्द कानातून मेंदूत जातो, मेंदूतून हातात उतरतो, हात कुदळ उचलतो. कुदळ उचलली गेली नसेल, तर शब्द वाटेत अडकला आहे. सबब दुसऱ्या दिवशी कंपाउंडर आला आणि त्यानं बेचाळीस जणांचे कान धुतले. भाषण लख्ख ऐकू आलं. लोक लवकर उठून घरी गेले.

खात्यानं सिद्धांत बदलला. माणूस रेडिओचं ऐकत नाही, मानाच्या माणसाचं ऐकतो. गावात मान काकासाहेबांचा. तेव्हा भाषण त्यांनी एकट्यानं ऐकायचं आणि गावाला सांगायचं. काकासाहेबांनी ऐकलं. बाहेर येऊन सांगितलं, "भाषण चांगलं झालं."

गावाला पटलं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी नानासाहेब संच बांधायला दोरी घेऊन आले, तेव्हा दारात दगडाबाई आडवी आली. मेंढरं राखणारी बाई. मंडळाची सभासद नव्हे, पण रोज चावडीच्या कोपऱ्यात बसायची. काखेत कोकरू, मागं मेंढी.

"सायब, आठ दिस थांबा. ह्याची माय मेली. ही दुसरी ह्याला जवळ येऊ देत नाय, ढुशी मारती. फक्त ह्यो बाबा बोलाया लागला की गप उभी राहती, तवर हे पितं. आठ दिसांत चराया लागंल."

"कोणता बाबा?"

"खड्ड्याचा."

खात्री करणं भाग होतं. मंडळाला पुन्हा आत बसवलं, भाषण सुरू झालं. मेंढी खांबासारखी उभी राहिली, कोकरू शेपूट हलवत पिऊ लागलं. मध्येच गाणं लागलं. मेंढीनं ढुशी दिली. पुन्हा खड्डा, पुन्हा खांब. नानासाहेबांचे डोळे भरून आले. अकरा वर्षांच्या नोकरीत परिणाम त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

ऐकलं: ४३. पटलं: ४२. परिणाम: १.

वरून शेरा आला: सव्वादोन टक्के हे प्रमाण समाधानकारक नाही, परिणामशून्य श्रोते तातडीनं कमी करावेत. बेचाळीस जणांना चावडीबाहेर काढण्यात आलं.

"मी अध्यक्ष हाय, मला तरी आत राहू द्या," काकासाहेब म्हणाले.

"आपल्याला पटतं, काकासाहेब," नानासाहेब हळहळले. "तीच अडचण आहे."

ऐकलं: १. परिणाम: १. शंभर टक्के. अभिनंदनाचं पत्र आलं, खात्यात तिसऱ्या सिद्धांताचं काम सुरू झालं.

सातव्या दिवशी कोकरानं हिरव्या काडीला तोंड लावलं. नानासाहेब घाबरले. ते चरू लागलं तर पिणार नाही, प्यायलं नाही तर परिणाम शून्य. त्यांनी लेखी आदेश काढला: पुढील सूचनेपर्यंत कोकरास चारा देऊ नये.

दगडाबाईनं तो कुणाकडून तरी वाचून घेतला. मग कोकरू खाली सोडलं, कळप गोळा केला.

"रेडिओ न्या तुमचा," ती म्हणाली. "कोकरू मपलं हाय."

ती गंगापूरच्या वाटेनं गेली. रेडिओ करमाडला गेला.

ही हकीकत छापायला खात्यानं परवानगी दिली, फक्त अखेरीस तक्ता जोडण्याची अट घातली. वाचकांचा वेळ वाचावा म्हणून दोन रकाने आम्हीच भरले आहेत.

वाचलं: १. पटलं: १. परिणाम:

तिसराही भरला असता. पण आपण अजून उठला नाहीत.