गिधाडाच्या डोळ्यातला वडस

एका जंगलात, मुलांनो, रावबा नावाचं एक गिधाड राहायचं. "मेलेलं कोण आणि झोपलेलं कोण, हे मी ढगातून सांगतो," असं रावबा छाती काढून म्हणाला. "आज तेवढं जरा चुकलं," असंही त्याच दमात म्हणाला, कारण पाठीमागून अस्वल धावत येत होतं. झोपेत चावा बसलेलं.

रावबाचा एक डोळा जुन्या भांडणात गेलेला. उरलेल्या डोळ्यात वडस वाढत होता. वडस म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारं मांस. उन्हातान्हात, धुळीत उंडारणाऱ्यांना होतं तसं. ते बुबुळावर चढलं की संपलं. आंधळं गिधाड जगतं किती? पुढचं अस्वल भेटेपर्यंत.

बायको ठकूबाईने त्याला पंखाला धरून घुबडशास्त्र्यांकडे नेलं. शास्त्रीबुवा परमुलखातल्या जंगलात शिकून आलेले. त्यांनी वडसाचा तिळाएवढा तुकडा कापला, त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या केल्या आणि वर रंगाचं पाणी सोडलं. चकत्या तपकिरी झाल्या. शास्त्रीबुवा फांदीवर नाचायलाच लागले.

"सापडली! रोगाची खूण सांगणारी प्रथिनं सापडली! हे बघा, हे पेशींना वाढा म्हणतं. हे नव्या रक्तवाहिन्या मागवतं. आणि थांबा म्हणणारं हे, हे तर पार बिघडलंय! वा, वा!"

"माझ्यात एवढं आहे?" रावबा फुगला. त्याच्या घराण्यात आजवर कुणातच काही सापडलं नव्हतं.

"मग काढा की ते," ठकूबाई म्हणाली.

"काढू? अहो बाई, अजून वाढू दे! बुबुळावर चढताना प्रथिनं काय काय करतात, ते बघायचंय."

रावबा जंगलभर सांगत सुटला. "कोल्होबा, तुझ्यात काय आहे? जंत! माझ्यात प्रथिनं आहेत, प्रथिनं!" बोलला झोकात, पण समोर कोल्हा नव्हताच. वारूळ होतं. ठकूबाईने कपाळावर पंख मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शास्त्रीबुवा ढोलीत झोपायला शिरले. बघतात तर समोरच्या फांदीवर ठकूबाई. शेजारी तिचे दीर, जावा, नणंदा, गिधाडांचं सगळं गोत. माना खाली घातलेल्या, नजर बुवांवर.

"काय काम काढलंत?"

"काही नाही. बसलोय."

"अहो, मी जिवंत आहे!"

"असा की. आम्हाला कुठे घाई आहे?"

शास्त्रीबुवांनी एक डोळा मिटला. सगळं गोत पाऊलभर पुढे सरकलं. त्यांनी डोळा उघडला. गोत पाऊलभर मागे. दुपारपर्यंत हाच खेळ. शेवटी बुवा किंचाळले, "आणा रे त्या रावबाला!"

आणि वडस मुळापासून निघाला.

रावबाने डोळा मिचकावला. पान न् पान दिसत होतं. तरी त्याचं तोंड उतरलेलंच. "ठके, आता माझ्यात काहीच उरलं नाही गं."

"डोळा उरलाय, मेल्या. चल, जेवायला शोध."

तात्पर्य : मुलांनो, रोग्याला उगाच बरं होऊ देऊ नये, त्याने विद्येचं फार नुकसान होतं. हे तात्पर्य खुद्द शास्त्रीबुवांनी काढलं, तेही जांभया देत. त्यावर जाता जाता ठकूबाई म्हणाली, "मग पुढचा वडस तुमच्याच डोळ्यात वाढवा की, बुवा. जागा भरपूर आहे."