सासूचा चिमटा

सासूच्या सुतकातच दवनीवाड्याच्या त्या घरात भांडी धुवायच्या मशीनने फुलवंताला चिमटा काढला. दाराला ओला हात लागला आणि दंडापर्यंत झणझणलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मशीन आतल्या आत गुरगुरत होती.

चिमटा ओळखीचा होता. सासू रुख्माबाई असाच, एक शब्द न बोलता, दंडाला चिमटा काढायची. फुलवंताच्या मुलाने, ओमेश्वरने, पुण्याहून मशीन पाठवली तेव्हा म्हातारीने घर डोक्यावर घेतलं होतं. "मी मेल्यावरबी इले सुखानं चालू देणार नाही," असं बजावलं होतं. आणि म्हातारी शब्दाची पक्की होती.

"अजी, मशीनमधी माय आली," फुलवंता नवऱ्याला म्हणाली.

पुरनलाल रबरी चपला फटफटवत गेला आणि मशीनवर हात ठेवला. काहीच नाही. "मले काऊन नाही चावत? तुह्यावरच राग असन तिचा."

फुलवंताला ते खरंच वाटलं, आणि रडू आलं. वैशाखाचं ऊन तापत होतं. सुतकात कोणी पाणी घालत नसल्याने अंगणातली तुळस मान टाकून उभी होती. चिमटा रोज जास्तच बोचत होता. मशीन उघडण्याआधी ती हात जोडायची, "माय, चारच भांडे हायेत, धुवू द्या."

तेरवीच्या सकाळी पुरनलाल आंघोळ करून, ओल्या अनवाणी पायांनी मशीनमधला तांब्या काढायला गेला आणि मागे फेकला गेला. तांब्या ठणठणत अंगणात पोचला.

"माय वो!" तो ओरडला. "उद्याच नाल्यात टाकतो ही मशीन!"

भांडी घासून फुलवंताची मनगटं केव्हाचीच गेली होती, आणि मशीन गेली तर जन्मभराची भांडी पुन्हा तिच्याच हाताला होती. त्यापेक्षा भूत परवडलं. दुपारी पाहुणे पांगल्यावर तिने गुपचूप वायरमन टिकेशला बोलावलं. मशीन त्यानेच जोडून दिली होती.

टिकेशने टेस्ट लॅम्पची एक तार मशीनच्या पत्र्याला लावली, दुसरी नळाला. बल्ब लाल मिणमिणला.

"पाणी तापवायची कॉइल फुटली, काकी. करंट पत्र्यात येऊन राहिला. पण तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायले पाहिजे." बोलत बोलत तो हिरव्या तारेमागे खिडकीबाहेर गेला, आणि तुळशीवृंदावनापाशी त्याचा चेहरा पडला. "खड्डा खोदायचा कंटाळा केला मी. इथची माती सदा ओली राहे, म्हणून तार इथंच खुपसली. आता माती वाळली. काकाजीले सांगू नका, मारतीन."

फुलवंता तुळशीकडे बघत राहिली. रोज सकाळी इथे पाणी घालायची ती रुख्माबाईच. एका हाताने तांब्या ओतायची आणि तोंडाने मशीनला शिव्या द्यायची. तिच्याच पाण्याने इतके दिवस सुनेला राखलं होतं. फुलवंताला हुंदका आवरेना.

मग तिने डोळे पुसले. "जा, घरामागं खड्डा खोद. कॉइलबी नवी टाक. अन् तोंड बंद ठेव."

संध्याकाळी मशीन चालू झाली. पुरनलाल उंबऱ्यातूनच म्हणाला, "गेली का माय?"

"बोलली," फुलवंता डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली. "म्हणे, माह्या पोरानं रोज तुळशीले पाणी घालावं, अन् जेवलेलं ताट आपल्या हातानं मशीनमधी ठेवावं. मग चावणार नाही."

जन्मात ताट न उचललेला पुरनलाल सकाळी तुळशीपुढे तांब्या घेऊन उभा होता. हत्यारं न्यायला आलेल्या टिकेशने तोंड उघडलं. फुलवंताने नुसतं घरामागच्या खड्ड्याकडे बोट केलं, आणि त्याने तोंड मिटलं.

जेवण झाल्यावर पुरनलालने डोळे घट्ट मिटून ताट आत सरकवलं. मशीन गप्प होती.

"माय, राग गेला ना?" तो हळूच म्हणाला. उत्तराची वाट पाहिली, घाम पुसला आणि घाईघाईने बायकोचंही ताट उचललं.