मगदूम मास्तरांची अंडी

सांगलीला आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे नेमगोंडा मगदूम पक्के जैन होते. कांदा खात नसत, दिवस मावळल्यावर जेवत नसत, आणि उठल्यापासून अंड्यांविषयी बोलत.

अंडी माशीची. ही माशी वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडाखाली वाढते, म्हणून त्यांनीच तिचं नाव दगडमाशी ठेवलं होतं. माशी मारायची नाही हा नेम, म्हणून अभ्यास अंड्यांचा. "बरं का, हिच्या अंड्याला नांगर असतो!" असं ते भेटेल त्याला सांगत. एकदा आगगाडीत कोरेगावच्या शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, "आनि बैलं कुटं बांदत्यात?" मास्तर हसले नाहीत. नांगर म्हणजे जहाजाचा. चिकट चकती असते, ती दगडाला धरून ठेवते, नाहीतर अंडं धारेबरोबर वाहून जाईल, हे त्यांनी त्याला कराड येईपर्यंत समजावलं.

मी चित्रकला शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. त्यामुळे अंड्यांची चित्रं माझ्या गळ्यात. शाळेचा सूक्ष्मदर्शक त्यांनी माझ्या खोलीत आणून ठेवला होता, त्यातून बघायचं आणि काढायचं. कवचावर मधाच्या पोळ्यासारख्या खळ्या, एका टोकाला कॉलर, कॉलरीत ती चकती. "कॉलर उंच झाली," म्हणून ते शिंप्याला सांगावं तसं मला परत काढायला लावत.

कराडला कोयनेत ही अंडी मिळत. सांगलीला कृष्णेच्या गाळात मिळत नसत. मधे ती नेमकी कुठं संपतात, हे शोधायला ते सुट्टीच्या दिवशी नदीकाठानं हिंडत. बघून झाली की अंडी मूळच्या दगडापाशी परत. पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन गाडीत बसलेले मास्तर आमच्या भागात बऱ्याच जणांनी पाहिले असतील.

घरात त्यांची म्हातारी आई होती. सगळे तिला आव्वा म्हणत. पहिल्यांदा अंडी घरी आली तेव्हा तिनं दारातच अडवलं. "जैनाच्या घरात अंडी आनलास व्हय रं? भायेर ने आदी!" तेव्हापासून अंड्यांचं भांडं माझ्या खिडकीत असे.

मग बेचाळीस साल आलं. सातारा जिल्ह्यात तारा तुटत होत्या, पोलीस नदीकाठ धुंडाळत होते, आणि आमचे मास्तर कराडजवळ गुडघाभर पाण्यात दगड उलटे करत होते.

"काय शोधतोस?" शिपायानं विचारलं.

"अंडी."

"जात कुठली?"

"जैन."

"जैन मानूस आन् अंडी शोधतोय? कुनाला बनवतोस रं?"

हातातल्या तांब्यात बाँबचं सामान नाही, नुसतं पाणी आहे, यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मास्तरांना आत टाकलं ते पावसाळा सरेपर्यंत.

ते धरले गेल्याचं कळलं त्या दिवशी आव्वा माझ्या दारात उभी राहिली. हातात घागर. मास्तरांनी आधीच्या फेरीत आणलेली अंडी तेव्हा माझ्या खिडकीत होती. "त्यास्नी पानी कोन बदलतंय?" ती आत आली. मग रोज सकाळी नदीवरनं घागर आणायची, जुनं पाणी हलक्या हातानं काढायची, नवं घालायची. "जीव हाय त्यो," एवढंच म्हणायची. पुढं तिला ताप भरला. लेक सुटायच्या आधीच ती गेली. मग पाणी मी बदलत राहिलो.

मास्तर परत आले तेव्हा अंडी फुटून भांड्यात केसाएवढी पिल्लं वळवळत होती. मला वाटलं ते नाचतील. ते भांड्याशेजारी बसून राहिले.

"एवढे दिवस जगली कशी?"

मी सांगितलं. आव्वानं काय केलं ते सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "आत काय हाय, म्हणून आव्वा विचारली का कधी?"

आता ती नव्हती, त्यांना लागू नये म्हणून 'नाही' असं खोटं बोलून चाललं असतं. पण मास्तरांसमोर जमलं नाही. "रोज विचारायच्या," मी म्हणालो. "भांडं उजेडात धरून डोळे बारीक करून बघायच्या. काय दिसायचं नाही त्यांना. मी म्हटलं, यंत्रातून दाखवतो. तर नको म्हणाल्या."

"का?"

"म्हणाल्या, नेमू आला की त्योच दाविल."

मास्तर उठले. सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढलं, काच पुसली, आरसा उजेडाकडं वळवला. मग एक पिल्लू अलगद पाण्याच्या थेंबात घेऊन काचेखाली ठेवलं, आणि स्वतः न बघता शेजारी उभे राहिले.