टबीच्या डोळ्यातलं पाणी

व्हर्जिल डायक्स्ट्राचं अस्वल त्या सकाळी एकदाचं पुरं झालं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाळत पडलं. मिशिगनमधल्या आमच्या या गावातून अर्ध्या अमेरिकेची न्याहारी, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, खोक्यांत भरून बाहेर पडते आणि त्या खोक्यावर टबी अस्वल हसत असतं. ते नव्याने रंगवायचं काम व्हर्जिलला मिळालं होतं. साहेबांना पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर सासऱ्यांच्या शेतावर डुकरं राखायची. सासऱ्यांनी तर जावयाच्या मापाचे गमबूट आणूनही ठेवले होते. म्हातारा अशा बाबतीत फार तत्पर.

आता, पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आमच्या गावात घरोघरी न्याहारीला अंडी आणि टोस्टच असतो. व्हर्जिलची बायको नेल्डा माहेरच्या ब्लूबेरीचा जॅम लावलेला टोस्ट हातात घेऊन चित्रावर वाकली.

"किती हसरा झालाय रे," असं ती म्हणते न म्हणते तोच जॅमचा थेंब टबीच्या डोळ्याखाली पडला.

नेल्डाने तो ॲप्रनने पुसला. तो गालावर ओघळला. व्हर्जिलने वरून पांढरा रंग दिला, तर खालचा निळा वर येऊन जास्तच चमकू लागला. बाहेर छापखान्याची गाडी हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.

"लांबून कळत नाही," नेल्डा म्हणाली.

"लांबून म्हणजे कुठून?"

"शिकागोहून."

मोठे साहेब मिस्टर प्रेंटिस तेव्हा उत्तरेला मासे पकडत बसले होते. ते परत आले तोवर चित्र तसंच छापून खोकी दुकानांत पोचली होती. त्यांनी व्हर्जिलला बोलावून खोकं पुढे ठेवलं.

"डायक्स्ट्रा, अस्वल रडतंय."

"थोडंसंच, सर."

"आपली न्याहारी खाऊन रडतंय!"

सगळा माल परत मागवतो, तू तुझं टेबल आवर, असं साहेबांनी सांगितलं. बिचारा व्हर्जिल कुंचले गुंडाळू लागला. त्याला डोळ्यांसमोर फक्त गमबूट दिसत होते.

तेवढ्यात फोन वाजला. ओहायोची एक बाई तक्रार करत होती. टबीला कुणी खायला देत नाही म्हणून तो रडतो, असं तिच्या पोरांनी ठरवलं होतं. आता रोज खोक्यासमोर त्याचा वेगळा वाडगा भरावा लागे. अस्वल काही खात नसे, मग तोही पोरंच फस्त करत. खोकं दुप्पट वेगाने संपत होतं. तिच्यामागून आयोवाची बाई, मग इंडियानाची. सगळ्यांची रड तीच. आठवडा संपायच्या आत दुकानदार माल परत करायचं सोडून आणखी मागू लागले.

साहेबांनी व्हर्जिलला स्वतः खुर्ची दिली. हिवाळ्याच्या खोक्यावर टबीला मफलर हवा होता, आणि अर्थातच तो थेंब. व्हर्जिलने थेंबामागून थेंब काढले, पण एकही जमेना. कुठला घामासारखा दिसे, कुठला गळक्या नळासारखा. "याचं रडणं खोटं आहे," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. शेवटी व्हर्जिलने मान खाली घालून खरं काय ते सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नेल्डाला गाडी पाठवून बोलावलं. दुकानातला महागातला जॅम आणला होता, तो पाघळला. मग तिने पिशवीतून माहेरची बरणी काढली, टोस्टला जॅम लावला, एक घास खाल्ला आणि वाकली. टबी असा रडला की टायपिस्ट बाईंनी रुमाल काढला.

साहेबांनी तिथल्या तिथे नेल्डाला कायम केलं. तिने नवऱ्यालाही कायम करून घेतलं, जवळजवळ आधीच्याच कामावर.

फक्त ही गोष्ट बाहेर फुटता कामा नये, म्हणून जॅमची फळं घरच्याच माणसाने तोडावीत असं ठरलं. तेव्हापासून दर जुलैत कंपनी व्हर्जिलला भरपगारी सासऱ्यांच्या शेतावर पाठवते. ब्लूबेरीच्या वाफ्यांत घोट्याएवढा चिखल असतो, आणि गमबूट त्याला अगदी मापात बसतात.