बंदुका आत्याला बघायला आल्या

आमच्या गावात बंदूक कुणी विकत आणत नाही. बंदूकच माणसाला बघायला येते. पसंत पडलं तर राहते, नाही तर समोरची पोह्यांची बशी तशीच ठेवून निघून जाते.

मागच्या महिन्यात अशा दोन बंदुका माझ्या रत्नमाला आत्याला बघायला आल्या. दोन्ही छर्ऱ्याच्या, सुट्या होऊन पिशवीत मावणाऱ्या. प्रवासात जोडलेलं राहणं बंदुकांमध्ये बरं समजत नाहीत.

आत्या शाळेत पीटी शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. रविवारी गावातली मंडळी माळावर दगडांवर रिकामे डबे मांडून नेम धरतात. त्यांच्यात तिला उभं राहायचं होतं. कॉलेजात, एनसीसीत, तिचा नेम चांगला होता. लग्नानंतर हातात झारा आला तो आलाच. एका बंदुकीने तिला आधी नाकारलं होतं. या दोघींनीही नाकारलं, तर तिचं नाव कायमचं कमी होणार होतं. मग माळावर जायचं ते चहाची किटली घेऊन. माझी आई कित्येक वर्षं किटलीवरच आहे.

मध्यस्थ होते दस्तगीरभाई. एरवी ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांनी सतरंजीवर पिशव्या उघडल्या. काळी बंदूक हलकी. तिची नळी तिच्याच पोकळ दस्त्यात बसलेली. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग. दुसरी लाकडी, वजनदार, सरळ दोन तुकड्यांत. समोर पोहे आणि वाटीभर मशीनचं तेल ठेवलं. पोहे रिवाजापुरते असतात, ते नंतर मी खातो.

रीत अशी, की नळी आणि दस्ता यांना वेगवेगळं विचारायचं. दोघांचा होकार आला तरच जमलं.

"चालून दाखवा," लाकडी दस्ता म्हणाला. आत्या खिडकीपर्यंत जाऊन आली.

"श्वास धरता येतो?"

"येतो."

"धरा."

आत्याने धरला. आम्ही सगळे बसून राहिलो. पोहे गार झाले.

काळी नळी दस्त्याच्या आतून म्हणाली, "आम्ही पाण्यावर तरंगतो."

"आमच्या माळावर पाणी न्हाई," आत्या म्हणाली. "आता मी विचारू?"

दस्तगीरभाईंनी कप खाली ठेवला. "आत्याबाई, तसं आजवर कुणी विचारलेलं न्हाई."

"मला किती जण बघून गेले, तवाबी मी कुणाला काय विचारलं न्हाई. त्याचा मला अजून राग येतोय."

आत्या सतरंजीवर बसली आणि चौकशी करू लागली. वजन किती, जोडायला किती वेळ लागतो, आवाज शेजारी ऐकू जातो का. मग तिने दोन्ही दस्ते एकेक करून खांद्याला लावून पाहिले. लाकडी नीट बसला. काळ्यावर गाल कुठे टेकवायचा ते तिला सापडेना.

"आता खरं सांगा. सारखं सुटं करून जोडलं, तर नेम जाग्यावर राहतो?"

"हा घरातला प्रश्न आहे," लाकडी नळी म्हणाली.

"थोडा हलतो," लाकडी दस्ता म्हणाला.

नळीने तोंड फिरवलं. काळी नळी म्हणाली, "माझा राहतो. बघून घ्या." काळा दस्ता म्हणाला, की चौकशा करणारी माणसं आपल्याला चालत नाहीत.

दस्तगीरभाईंनी चौघांना रीतसर विचारलं. लाकडी दस्ता हो म्हणाला, त्याची नळी नाही. काळी नळी हो म्हणाली, तिचा दस्ता नाही. आत्याने पदर हातात घट्ट धरला होता. मला तिची फार काळजी वाटत होती.

दस्तगीरभाईंनी बराच विचार केला. "एक नळी, एक दस्ता, दोघांचा होकार. रीत एवढंच मागती. दोघं एकाच बंदुकीची पायजेत, असं कुठं म्हटलेलं न्हाई."

तसं जमलं. उरलेली दोघं एकाच पिशवीतून परत गेली. वाटेत ती बोलली नाहीत, असं दस्तगीरभाई सांगतात.

काळी नळी लाकडी दस्त्यात बसत नाही. रविवारी माळावर आत्याने दस्ता खांद्याला लावला, डाव्या हातात पुढे नळी धरली. मध्ये वीतभर मोकळी जागा राहिली. तिने श्वास धरला आणि चाप ओढला. डबा पडला. दुसरा मांडला, तोही पडला.

"मधी बसवायला एक तुकडा बनवून देऊ का?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"राहू द्या. तिथनं डबा नीट दिसतोय."

आईने कप भरता भरता थांबून हे सगळं पाहिलं. मग किटली दगडावर ठेवली, हात पुसले आणि दस्तगीरभाईंपाशी गेली.

"त्या उरलेल्या दोघांचं कुठं जमलंय का वो?"