सांधा बुजवणारे वैजनाथअण्णा

आमचे शेजारी वैजनाथअण्णा बिरादार कुठलीही नवी वस्तू आधी बघत नसत. तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवत. आमच्याकडे लोखंडी कपाट आलं तेव्हा अख्खी गल्ली त्याचा रंग बघायला जमली होती. अण्णांनी दाराच्या कडेवरून नख ओढलं, मध्येच थांबले आणि म्हणाले, "सर, नखाला सांधा लागायलाय." माझ्या बायकोचा चेहरा पडला. कपाट आजही उत्तम आहे, पण मलाही आता तिथं नख लावल्याशिवाय राहवत नाही.

अण्णा मूळचे औरादकडचे, राहायला बिदरात. गावाबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर ते होते. साच्याचे दोन भाग मिळतात तिथं बादलीवर बारीक रेघ उमटते. जगातल्या सगळ्या बादल्यांवर ती असते आणि तिचा कुणाला त्रास होत नाही. अण्णांना व्हायचा. ते ब्लेड घेऊन रेघ खरवडत बसायचे. शेवटी सुपरवायझरनं हात जोडले, "अण्णा, हिच्यात पानी भरायचंय, हिला उडवायची न्हाई!"

उडणाऱ्या वस्तू अण्णांच्या घरी होत्याच. प्लास्टिकची छोटी छोटी विमानं.

त्या वर्षांत आमच्या भागातली शिकलेली पोरं एकेक करून हैदराबाद-पुण्याला निघाली होती. अण्णांची एकुलती एक लेक महानंदाही गेली. हैदराबादेत तिनं नोकरी धरली आणि तिथल्याच एका तेलुगू मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं. अण्णांनी सांगून टाकलं, "ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई." तिचा फोन आला की अण्णांच्या पत्नी अनुसयाअक्का बोलायच्या आणि अण्णा अंगणात जाऊन उभे राहायचे. पण ती लहान असताना हेच अण्णा तिला सायकलवर पुढं बसवून जनवाड्याच्या रस्त्याला न्यायचे, हवाई दलाच्या तळावरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमानं दाखवायला. तेवढं दोघांनाही विसरता आलं नसावं. दर तीन-चार महिन्यांनी हैदराबादहून कुरिअरनं एक खोकं यायचं. आत चिठ्ठी नसायची. पाठवणाऱ्याचं नाव हाताखाली झाकून अण्णा सही करायचे.

पहिलं खोकं फोडलं तेव्हा मी तिथंच होतो. वर अखंड विमानाचं चित्र. आत पंख वेगळे, शेपूट वेगळं आणि पोटाचे दोन उभे काप. अण्णा कुरिअरवाल्यावर उखडले, "विमान फोडून आनलास की रे!" तो बिचारा शपथा घेत होता. मी आतला इंग्रजी कागद वाचून सांगितलं की हे आपणच चिकटवायचं असतं. अण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी पोटाचे दोन काप एकमेकांना लावून धरले, मधून नख फिरवलं आणि एकदम खुलले. "सर, ह्येला तर सांधाच सांधा हाय!"

त्या दिवसापासून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. इंग्रजी वाचायचं निमित्त. खरं म्हणजे मला ते चिकटवणंच बघायचं असे. चिकटवायचं ते द्रव्य डिंकासारखं नसतं. ते प्लास्टिकच्या कडा जराशा वितळवतं आणि दोन्ही कडा एकमेकींत मुरतात. अण्णा बारीक कुंचल्यानं एक थेंब फटीत सोडायचे, तो आपोआप कडेकडेनं पळत जायचा. मग काप दाबले की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी वळी वर यायची. "घाम आला बघा," अण्णा म्हणायचे. "घाम आला की समजायचं, धरलं!"

वाळल्यावर ती वळी तासायची आणि तरीही फट राहिली तर ती भरायची. भरायचं कशानं, हा मोठा प्रश्न होता. सुतार लाकडाच्या भेगांत भरतात ती लांबी लावून पाहिली, ती वाळून गळून पडली. मग कुठून कोण जाणे, नेलपॉलिशमध्ये अंगाला लावायची पावडर कालवायची युक्ती त्यांना सापडली. पन्नाशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा माणूस बांगड्यांच्या दुकानात उभा राहून राखाडी नेलपॉलिश मागतोय! दुकानदारानं विचारलं, "कुनाला पायजे, अण्णा?" अण्णा म्हणाले, "विमानाला." ही गोष्ट गल्लीला आठवडाभर पुरली. अक्का मला म्हणाल्या, "सर, लगीन होऊन तीस वर्सं झाली, मला कधी एक बाटली आनली न्हाई. आता माजा पावडरचा डबा बी विमानाच्या पोटात गेला."

भरलेलं वाळलं की पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं घासायचं. मग नख. नख अडलं की पुन्हा भरायचं. एका विमानाची पाठ त्यांनी सात वेळा भरली. मी चिडवलं, "अण्णा, एवढं कोण बघणार आहे?"

"बघनाऱ्याला दिसंल की," ते म्हणाले. बघणारं कोण, ते मी विचारलं नाही.

मग नववं खोकं आलं. त्यात पहिल्यांदाच महानंदाची चिठ्ठी होती; ती अण्णांना अप्पा म्हणायची. "अप्पा, दसऱ्याला येऊ का? आम्ही दोघं." अक्कांनी ती वाचली आणि तिथंच पदर डोळ्यांना लावला. अण्णा खोकं उचलून आत गेले. एक आठवडा गेला तरी उत्तर नाही. अक्का माझ्याकडे आल्या. "कामून गप बसलेत, तुम्ही तरी इचारा, सर. लेकरू तिकडं वाट बघायलंय."

मी गेलो. फटी बुजवण्यावरून एक झणझणीत वाक्यही वाटेतच जुळवून ठेवलं होतं. पण अण्णांचा चेहरा उतरलेला बघून ते गिळलं. "काय ठरलं?" एवढंच विचारलं.

"पंख झाले, शेपूट झालं," अण्णा म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी अण्णाच चपलांचं एक खोकं घेऊन आमच्या दारात आले. "सर, इंग्रजीत पत्ता घाला. हैदराबादचा." आत कापसात गुंडाळलेला विमानाच्या पोटाचा एकच काप होता.

"अण्णा, दुसरा काप राहिला."

"राहिला न्हाई, ठेवलाय. माज्याकडं हाय." मग खिशातून कोरा कागद काढून म्हणाले, "लिवा. पोट जोडायचं ठेवलंय. हा काप घिऊन ये."

मी लिहिलं.

"जोडल्यावर वाळायला दोन दिस लागतेत म्हनावं. आल्या पावली निघायचं न्हाई."

तेही लिहिलं. अण्णा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मी घडी घालायला लागलो तसे घाईनं म्हणाले, "थांबा. अजून एक. माजा हात आताशा थरथरायलाय. जोडताना एकानं धराय लागतंय. जावयाला धरता येतंय का, इचारा."

हात कसला थरथरतोय? परवाच त्या हातानं पंखावर केसाएवढी रेघ ओढलेली मी पाहिली होती. पण 'जावई' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मान खाली घालून लिहून टाकलं.

अण्णांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं आणि मग अक्कांना हाक मारून तिसऱ्यांदा.