चौदा दारं, चौदा रंग

देशकरकाका कोणाच्याही घरी गेले की चपला दारात काढतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरतात. पाणी नको, चहा नको. ओट्याखालच्या कपाटांच्या दारांवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. मध्येच अंगठा थांबतो. "बबल," काका म्हणतात, डॉक्टरला गाठ लागावी तशा आवाजात. मग सदऱ्याच्या खिशातून सुई निघते.

समता कॉलनीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या कपाटांना काकांनी विनाइल चढवलं आहे. मागचा कागद सोलून चिकटवायचा तो रोल. सुतार न बोलावता जुनी दारं नवी दिसतात. काका रेल्वेच्या कारखान्यात मालडब्यांच्या रंगकामावर देखरेख करायचे. निवृत्त झाले तेव्हा घरात डबे नव्हते, म्हणून कपाटं धरली.

माझं स्वयंपाकघर त्यांनी गेल्या मे महिन्यात केलं. मी दवाखान्यात रिसेप्शनला असते, सुट्टी फक्त रविवारची. मला वाटलं, एका रविवारचं काम. पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. मी साबणानं पुसलं, सोड्यानं पुसलं, स्पिरिटनं पुसलं. काका प्रत्येक वेळी अंगठा फिरवून नाकाशी नेत आणि म्हणत, "फोडणी आहे अजून. आधी चिकनाई, मग चिकटाई."

दुसऱ्या रविवारी त्यांनी सगळी हँडलं काढली आणि पंखा बंद केला. पंख्यानं धूळ उडते, ती विनाइलखाली बसते. रायपूरचा मे, पंखा बंद, आणि वर काकांच्या हातात कोपरे वळवायला हेअर ड्रायर. आमचे हे पाण्याची बाटली घेऊन दाराशी आले तर काका ओरडले, "पाय झटकून या, साहेब!" हे आलेच नाहीत. त्या दिवशी आम्ही व्हरांड्यात पोहे खाल्ले.

तिसऱ्या रविवारी काम झालं. सगळं हस्तिदंती, एकसारखं. एकही बबल नाही. मी खूश. काका मात्र मान हलवत होते. "छान झालं. पण एका रंगाचं किचन म्हणजे दवाखाना वाटते, सुनंदा."

असं म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचं स्वयंपाकघर मी नंतर पाहिलं. चौदा दारं आणि चौदा रंग. एक पिवळं, शेजारी काळं, मग लाल विटा, मग गवती हिरवं, खाली एक चकचकीत चंदेरी. मेळ्यातला आकाशपाळणा बरा.

"काका, हे काय? लोकांच्या घरी शिस्त आणि आपल्या घरी होळी?"

"उरलेले तुकडे वापरून राहिलो," काका म्हणाले आणि विषय बदलला.

मी तो तिथेच सोडला असता, पण दिवाळी आली. काकांचा मुलगा निखिल हैदराबादला असतो. काका-काकू दोघांना कायमचं घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. दिवाळीला येऊन घर बघतो, मग ठरवू, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. कुसुमकाकूंना जायचं नव्हतं. जन्म इथल्याच ब्राह्मणपाऱ्यात, संसार समता कॉलनीत. तिथे बाराव्या मजल्यावर कोणाशी बोलायचं? तशा त्या वर्षभरात इथेही कोणाशी बोलत नव्हत्या. बाजारात समोरून गेल्या तरी ओळख देत नसत. मुलगा मोठ्या हुद्द्यावर गेला म्हणून काकू चढल्या, असं मी ठरवून टाकलं होतं.

तरी शेजार तो शेजार. मी विचार केला, हे भिरभिरं स्वयंपाकघर पाहिलं की निखिल म्हणेल, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, आणि सामान बांधेल. माझ्याकडे हस्तिदंती रोल उरला होता. धनत्रयोदशीच्या आदल्या रविवारी काका बारशाला जवळच अभनपूरला गेल्याचं कळलं. मी रोल, कटर आणि पट्टी घेऊन काकूंकडे गेले.

"काकू, काका येईपर्यंत दोन दारं तरी माणसात आणते."

काकू ओट्याला धरून बाजूला सरकल्या. "कर," म्हणाल्या.

मी पिवळं आणि काळं झाकून टाकलं. दीड तासात. काकांचं शिक्षण वाया गेलं नव्हतं.

"कसं वाटतं?"

"छान दिसते वो," काकू म्हणाल्या. "बस, चहा टाकतो."

काकू त्या दोन दारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केला, मागे घेतला. मग तळवा एका दारावरून दुसऱ्यावर फिरवायला लागल्या. एक दार उघडलं, आत हात घातला आणि बेसनाचा डबा फरशीवर आला.

"सुनंदा," त्या खाली न बघता म्हणाल्या, "माझं पिवळं कुठं गेलं? साखर पिवळ्यात असते ना."

दिवसभर काउंटरवर बसून आत येणाऱ्याची चाल बघून दुखणं ओळखणारी मी. गल्लीतली बाई वर्षभर डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ओळख देत नव्हती, हे मला बेसन सांडल्यावर कळलं.

"मला अडवायचं ना, काकू!"

"काहून अडवलं, हे सांगावं लागलं असतं." त्यांनी पदरानं हात पुसले. "डोळ्यांपुढचं मधलं सारं धूसर झालं. चेहरे जातेत, अक्षरं जातेत. भडक रंग तेवढे दिसतेत. पोट्ट्याले माहीत आहे, म्हणून तर नेऊन राहिला. म्हणते, माँ, तुमसे किचन नहीं होगा. यायनं, तुझ्या काकांनी, मग हे केलं. पिवळ्यात साखर, काळ्यात बेसन, हिरव्यात डाळी. सहा महिन्यांत एक डबा चुकला नाही माझा."

मी हस्तिदंती सोलायला घेतलं. काळ्यावरचं नीट निघालं, पिवळ्यावरचं मात्र पिवळं सोबत घेऊन निघालं. तेवढ्यात काका दारात उभे. हातात बारशाच्या पेढ्यांचा पुडा, फरशीवर बेसन, माझ्या बोटांना पिवळ्या चिंध्या. मी सगळं सांगितलं. काकांनी उघड्या पडलेल्या दारावरून अंगठा फिरवला.

"चिकनाई राहिली होती खाली," एवढंच म्हणाले. मग, "स्कूटर काढ."

गोलबाजारात आम्ही पाच दुकानं फिरलो. "लिंबू नको भैया, हळद पाहिजे, हळद!" काका प्रत्येक रोल उजेडात धरून नाकारत होते. पाचव्या दुकानात मिळाला. घरी येऊन पंखा बंद केला, आणि या वेळी दार मी पुसलं, तीनदा.

निखिल आला. फराळाला मलाही बोलावणं होतं. तो जेवणाच्या टेबलाशी बसून आईकडे बघत होता. मदतीला दोनदा उठला, दोनदा काकांनी त्याचा खांदा दाबून खाली बसवलं. काकूंनी पिवळं उघडलं, चंदेरी उघडलं, चार कप काढले, गाळणं घेतलं. चहा टेबलावर आला. एक थेंब सांडला नव्हता. निखिलनं कप रिकामा करून खाली ठेवला.

"अगली दिवाली तक देखते हैं, बाबा," तो म्हणाला. "फिर बात करेंगे." जाताना तो एकच बॅग घेऊन गेला, स्वतःची.

पुढच्या आठवड्यात मी दुपारी त्यांच्याकडे डोकावले. काका स्वयंपाकघरात उभे होते, डोळ्यांवर गमछा घट्ट बांधलेला. प्रत्येक दाराच्या कडेला आता विनाइलच्या बारीक उठावदार पट्ट्या होत्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे तिरपी. काकू खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या.

"डावीकडे. अजून डावीकडे. आता मोजा."

"कोण आलं?" काकांनी विचारलं.

"मी, सुनंदा. हे काय चाललंय?"

"रंग किती दिवस पुरतेत, डॉक्टर सांगत नाही," काका म्हणाले, हात दारावर ठेवूनच. "म्हणून पट्ट्या लावल्या. पण बोटाले समजते का नाही, ते आधी मी पाहून राहिलो. नाही समजलं तर ती कशी शिकंल?"

"दोन पट्ट्या म्हणजे मीठ वो," काकू म्हणाल्या. "तुम्ही तेच दार उघडून राहिले."

"मले माहीत आहे," काका म्हणाले आणि चहाच्या भांड्यात त्याच डब्यातले दोन चमचे टाकले.

काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. वर्षभरानं मी त्यांना हसताना पाहत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि तो चहा घेतला.